अंगणातला फिशटेल पाम आणि दाराजवळच्या दोन कुंड्या

पत्र:

नमस्कार. बऱ्याच वर्षांपूर्वी मी हौसेने अंगणात एक पाम लावला. रोप देणाऱ्याने फिशटेल असं नाव सांगितलं होतं. आता त्याच्या पाच-सहा खोडांचा झुबका झाला आहे. सगळ्यात उंच खोडाला यंदा लांबच लांब घड लागले, फळं लाल-काळी होऊन खाली पडू लागली. गेल्या आठवड्यात माझ्या अडीच वर्षांच्या नातवाने त्यातलं एक उचलून चावलं. क्षणात किंचाळला. ओठ सुजले, लाळ गळू लागली, तोंडाला हात लावू देईना. शेजारणीने मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला सांगितलं, सूनबाईने ते होऊ दिलं नाही. तिने तोंड पुसून थंड दूध पाजलं. संध्याकाळपर्यंत तो खेळायला लागला. दुसऱ्या दिवशी मुलाने पडलेली फळं हातानेच गोळा केली, तर त्याचे हात आणि मान रात्रीपर्यंत खाजत होती. आता सूनबाई म्हणते, झाड मुळापासून काढा, नाहीतर मी बाळाला अंगणात सोडणार नाही. मुलगा काहीच बोलत नाही. तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही, पण माझ्या हाताने वाढवलेलं झाड तोडायचं म्हटलं की जेवण जात नाही. पाम खरंच विषारी असतात का? घरात एक अरेका पाम आहे, तोही काढायचा का? दाराच्या दोन्ही बाजूंना कुंड्यांत दोन बुटके, ताठ पानांचे पाम आहेत. त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही, आमचा कुत्रा तर त्यांच्याच बुंध्याशी झोपतो. ते तरी राहू द्यावेत ना?
– एक आजी

उत्तर:

प्रिय ताई,

तुम्ही विचारलंत अंगणातल्या झाडाबद्दल, पण पत्र वाचताना माझं लक्ष अडकलं ते शेवटच्या ओळींत. दाराजवळच्या त्या दोन कुंड्या आत्ताच उचलून अशा जागी ठेवा, जिथे नातवाचा हात पोचणार नाही आणि कुत्र्याचं तोंडही. कुलूप लागेल अशी गच्ची किंवा खोली असेल तर तिथे. कारण पुढे सविस्तर सांगते, पण आधी हे काम उरका आणि मग पुढचं वाचा.

आता नातवाबद्दल. त्याला जे व्हायचं होतं ते त्याच दिवशी झालं आणि संपलं. फिशटेल पामाच्या फळातून असं कुठलं विष त्याच्या रक्तात गेलेलं नाही, जे आठवड्याभराने डोकं वर काढेल. तो खातो-पितो आहे, आवाज नेहमीसारखा आहे, गिळायला त्रास नाही, तर त्याच्यासाठी आता काही करायचं उरलेलं नाही. सूनबाईने त्या घाईत जे केलं ते अगदी बरोबर केलं, आणि हे तिला माझ्या नावाने नक्की सांगा.

नेमकं काय झालं ते समजून घेतलंत तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतील. फिशटेलच्या फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, आणि त्यांचा आकार दोन्ही टोकांना निमुळत्या सुईचा असतो. नुसत्या डोळ्यांना त्या सुया दिसत नाहीत. ठरावीक पेशींमध्ये त्या जुड्या बांधून भरलेल्या असतात, एकेका जुडीत शेकडो. फळ दाताखाली चिरडलं की पेशी फुटते आणि सुया मोकळ्या होऊन जिभेत, ओठांत, टाळूत घुसतात. म्हणून तो क्षणात किंचाळला. विष पोटात जाऊन, भिनून, मग परिणाम दिसायला वेळ लागतो. इथे तसा वेळ गेलाच नाही, कारण ही इजा टोचण्याची आहे. सूज आणि लाळ हे त्या असंख्य बारीक जखमांना शरीराने दिलेलं उत्तर.

ही वेदना मुलाला वाचवतेही. एक चावा घेतला की दुसरा घेववत नाही. बहुतेक मुलं फळ तिथेच थुंकून टाकतात, पोटात जवळजवळ काहीच जात नाही. म्हणूनच फिशटेलचा प्रसंग दिसायला फार भयंकर असतो आणि बहुतेक वेळा काही तासांत निवळतो. बहुतेक वेळा म्हणते आहे, नेहमी नाही. सूज जिभेच्या मागे आणि घशात उतरली तर श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. हे क्वचित घडतं, पण लहान मुलांचा घसा मुळातच अरुंद असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘बघू थोडा वेळ’ असं म्हणत बसू नये.

शेजारणीचा सल्ला पाळला नाहीत ते फार बरं झालं. उलटी काढली की तेच टोचणारे कण घशातून आणि तोंडातून दुसऱ्यांदा जातात, शिवाय रडणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत उलटी जाण्याचा धोका वेगळाच. मिठाचं पाणी तर लहान मुलांना उलटीसाठी कधीही पाजू नये, कुठल्याही विषबाधेत नाही. त्याने रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि आधी नसलेलं संकट उभं राहतं. शेजारीण काळजीपोटीच बोलली, पण हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे आणि तो आता थांबायला हवा.

असं पुन्हा झालंच, तर आधी तोंडातला चोथा ओल्या फडक्याने बाहेर काढा. चोळू नका, नुसता टिपून काढा. मूल चूळ भरण्याएवढं मोठं असेल तर चुळा भरू द्या. मग थंड दूध किंवा पाणी घोट-घोट द्या. गारव्याने जळजळ कमी होते आणि उरलेले कण वाहून जातात. त्याला आपण होऊन बर्फाचा गोळा किंवा तसं काही गार चोखायचं असेल तर चोखू द्या. हात साबणाने धुवा, नखांखालीही, कारण तीच बोटं पुढच्या मिनिटाला डोळ्यांत जातात. फळाचा किंवा पानाचा तुकडा पिशवीत घालून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल, जीभ सुजून तोंडात मावेनाशी झाली असेल, तर फोनही करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा. पहिले काही तास मुलाला एकट्याने झोपायला सोडू नका.

तुमच्या मुलाच्या खाजेचं कारणही तेच. फळं उचलताना काही फुटली, गर हाताला लागला, मग घाम पुसायला हात मानेवर गेला. जिथे जिथे हात गेला तिथे सुया गेल्या. अशा वेळी माणूस खाजवतो, आणि खाजवल्याने त्या आणखी आत शिरतात. हे म्हणजे काचेच्या लोकरीला हात लावून मग अंग चोळण्यासारखं आहे. वाहत्या गार पाण्याखाली साबण लावून धुवायचं, कपडे बदलायचे, ते वेगळे धुवायचे आणि खाजणाऱ्या जागी गार पाण्याची पट्टी ठेवायची. बहुतेकांची खाज त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत जाते. फोड आले, लाली पसरत गेली किंवा जागा पिकल्यासारखी दिसली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं.

माझी खरी काळजी डोळ्यांची आहे. घड तोडणारा माणूस वर बघून काम करतो आणि फळांचा रस सरळ खाली येतो. हे स्फटिक डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतू शकतात. तसं झालं तर डोळा चोळायचा नाही, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचं. दुखणं कमी झालं म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

आता झाडाकडे येते. तुमच्या घरातला हा पेच सुटेल असं काहीतरी त्या झाडातच आहे, असं मला पत्र वाचतानाच वाटलं.

पाच-सहा खोडांचा झुबका म्हणजे तुमचं झाड झुडुपासारखं वाढणाऱ्या फिशटेलपैकी, बहुधा कॅरिओटा मायटिस. त्याच वंशातला आपल्याला ओळखीचा भेरली माड, म्हणजे कॅरिओटा युरेन्स, तो मात्र एकाच खोडाचा असतो आणि खूप उंच जातो. पामांच्या कुळात अडीच हजारांहून जास्त जाती आहेत, पण दोनदा विभागलेलं पान, म्हणजे झावळीला फांद्या आणि त्या फांद्यांना माशाच्या शेपटीच्या आकाराच्या पर्णिका, हे फक्त या एका वंशाचं वैशिष्ट्य. म्हणून तुमची ओळख चुकलेली नसणार.

या पामाचं आयुष्य विलक्षण असतं. खोड वर्षानुवर्षं नुसतं वाढत राहतं, फुलत नाही. पूर्ण वाढ झाली की शेंड्याजवळ पहिली पोय निघते. त्यानंतर दुसरी तिच्या खाली, तिसरी आणखी खाली. फुलोरा असा वरून खाली उतरत जातो, त्याला काही वर्षं लागतात. शेवटचा घड पिकला की ते खोड मरतं. पाणी घाला, खत घाला, ते वाचत नाही. त्याने सगळा साठा फुलण्यात आणि फळण्यात खर्च केलेला असतो. एका खोडाच्या भेरली माडाचं तिथे आयुष्यच संपतं. तुमच्या झाडाचं संपत नाही, कारण बुंध्याशी फुटवे असतात आणि त्यातलं प्रत्येक खोड आपापल्या वेळेला फुलतं.

म्हणजे ज्या खोडाने तुमच्या नातवाला रडवलं, ते फळायला लागलं तेव्हाच त्याच्या शेवटाची सुरुवात झाली आहे. ते ठेवलंत तर पुढची काही वर्षं दर हंगामात खालच्या खालच्या उंचीवर घड येत राहतील, म्हणजे दरवेळी मुलाच्या हाताच्या आणखी जवळ, आणि शेवटी ते वाळून जाईल. तेव्हा वाळलेलं खोड कुठे पडेल ही चिंताही असेलच. माझं स्पष्ट मत आहे की ते एक खोड आत्ता बुंध्यापासून कापून टाका. बाकीची खोडं राहू द्या. ती फुलायला लागेपर्यंत तुम्हाला झुबका मिळेल, सावली मिळेल, आणि नातू त्या काळात ‘हे तोंडात घालायचं नाही’ हे कळण्याच्या वयात येईल. पुढचं उंच खोड कोणतं ते आजच हेरून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी शेंड्याकडे नजर टाका. पोय दिसली की ती हिरवी, कोवळी असतानाच, फळ धरायच्या आत कापायची. हात पोचणार नाही एवढी उंच असेल तर ते खोडही जाईल.

हा तुमचं मन राखायला काढलेला मधला मार्ग नव्हे. सूनबाईची मागणी खरी काय आहे ते बघा. तिला मूल अंगणात निर्धास्त सोडता यायला हवं आहे. फळ नाही तर तो धोका जवळजवळ सगळा जातो. उरतो तो रस. ताज्या कापलेल्या भागांचा रसही काहींच्या त्वचेला झोंबतो, म्हणून छाटणीच्या वेळी मूल घरात असावं आणि सगळं उचलून झाल्यावरच बाहेर यावं. पण नुसती पानं हलली, मूल झाडाखाली बसलं, खोडाला हात लावला, याने काही होत नाही. एवढं सगळं तिला दाखवून, समजावूनही तिचं मन तयार नसेल, तर मात्र पूर्ण झुबका काढा. रांगत्या-धावत्या मुलाच्या आईला दिवसभर अंगणाकडे डोळे लावून बसावं लागणं हे झाडापेक्षा मोठं आहे. यात तुमच्या मायेचा अपमान नाही.

मुलाला मात्र एक गोष्ट करायला सांगा, आता गप्प बसू नये म्हणून नव्हे तर काम नीट व्हावं म्हणून: कापणी कुणाकडून करून घेतलीत तरी त्या माणसाला आधी सगळं सांगायचं. माळ्यालाही हे ठाऊक असेलच असं नाही. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, गळ्याभोवती फडकं आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवा. घड दोरीने बांधून खाली सोडावा, वरून आपटू नये. आधी खाली मोठी ताडपत्री अंथरली तर गळलेली फळं तिच्यातच गोळा होतात. पडलेल्या फळांवरून गवत कापायचं यंत्र फिरवू नका, रस चहूकडे उडतो. झाडणीने आणि फावड्याने उचला. फळं उघड्या खतखड्यात टाकू नका, जिथे पुन्हा कुणाचा तरी हात जाईल. जाड पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. अंगणात उदमांजर येत असेल तर तेही ही फळं खातं आणि बिया दूरवर टाकतं, म्हणून कुठे लहान फिशटेल उगवलेला दिसला तर नवल नको. प्राणी खातात म्हणजे आपल्यालाही चालेल, हा तर्क मात्र इथे साफ फसतो.

पाम विषारी असतात का, हा तुमचा प्रश्न. सगळे मिळून एक उत्तर देता येत नाही. बहुतेक पाम निरुपद्रवी आहेत. तुमचा घरातला अरेका त्यातलाच, त्याला अजिबात हलवू नका. केंटिया पाम, पंख्यासारख्या पानांचा रॅपिस, हेही घरात निर्धास्त ठेवण्यासारखे. खाज आणणाऱ्यांत फिशटेलच्या जोडीला अरेंगा वंशातले पाम येतात, त्यांच्याही फळांचा गर असाच झोंबतो. कार्पेंटारिया आणि फॉक्सटेल पाम बागांमध्ये शोभेसाठी खूप लावतात, त्यांची लाल फळंही मुलांच्या हाती देण्यासारखी नाहीत. शॅमेडोरिया, ज्याला पार्लर पाम किंवा बांबू पाम म्हणतात, त्याची पानं निरुपद्रवी आहेत, फळं मात्र खाजरी. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे घरातल्या एकट्या कुंडीला सहसा फळ धरतच नाही. बाहेर जोडीने लावलेल्यांना नारिंगी देठांवर बारीक काळी फळं येतात आणि ती मुलांना हमखास खुणावतात. तेवढे घोस कापून टाकले की झालं. डिफेनबाकिया, फिलोडेंड्रॉन, अँथुरियम ही सुरणाच्या कुळातली शोभेची झाडंही याच सुया बाळगतात, आणि त्यांच्यात तर त्या पानादेठांतच असतात. ती घरात असतील तर मुलाच्या उंचीच्या वर असू द्या.

काट्यांच्या पामांबद्दलही एक सांगायला हवं. बुटका खजुरी पाम, म्हणजे फिनिक्स रोबेलिनी, विषारी नाही, पण त्याच्या झावळीच्या बुडाशी पर्णिकांचे लांब, टणक काटे झालेले असतात. काटा बोटाच्या सांध्यात घुसून आत मोडला तर सांधा आठवडे-महिने सुजलेला राहू शकतो आणि कधी कधी तुकडा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. काटा लागल्यावर सांधा दुखत राहिला तर ‘काटा तर निघाला’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना काट्याची आठवण करून द्यावी.

आणि आता त्या दोन कुंड्या. बुटकी, ताठ पानांची, पाम म्हणून दाराशी जोडीने ठेवलेली झाडं बहुतेक वेळा सायकस असतात, सायकस रेव्हॉल्यूटा. विकताना त्याला सागो पाम म्हणतात. तो पाम नाहीच. पामांचं त्याच्याशी जवळचं काही नातं नाही. तो पाइन-देवदारांसारख्या उघड्या बियांच्या वनस्पतींच्या बाजूचा, फुलझाडं पृथ्वीवर यायच्या फार आधीचा. दिसतो मात्र पामासारखा, आणि धोका त्या सारखेपणातच आहे.

सायकसच्या प्रत्येक भागात, मुळापासून पानापर्यंत, सायकासिन नावाचं विष असतं. बियांत ते सगळ्यात जास्त. पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि जे तयार होतं ते यकृतावर घाला घालतं. त्यावर उतारा नाही, फक्त आधार देणारे उपचार आहेत. फिशटेलसारखी जीभ पेटवून मुलाला मागे खेचणारी कुठलीही सूचना हे झाड देत नाही. चावणाऱ्याला ते खाणं थांबवावंसं वाटतच नाही. कुत्रे त्याच्या बिया आवडीने खातात, आणि मध्यम आकाराच्या कुत्र्याचाही एक-दोन बियांनी जीव जाऊ शकतो. आधी काही तासांत उलट्या, जुलाब, सुस्ती. मग कधी कधी मधे बरं वाटल्याचा भास होतो आणि दोन-तीन दिवसांनी यकृत बंद पडू लागल्याची लक्षणं दिसतात: कावीळ, रक्तस्राव, झटके. माणसांनाही विषबाधा होते, लहान मुलांना आणखी सहज. ‘त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही’ हे तुमचं वाक्य वाचून मी म्हणूनच दचकले. कुणाला त्रास झाला नाही, कारण अजून कुणी चावलेलं नाही. ज्याने कुणाला रडवलं नाही ते निर्धोक, असा हिशेब आपण सगळेच नकळत करत असतो. तुमच्या घरात तो नेमका उलटा पडला आहे: रडवणाऱ्या झाडावर सगळ्यांची नजर आहे आणि दुसरं दाराशी कुत्र्याच्या उशाला आहे.

आता ते सायकसच आहे का, हे घरबसल्या तपासता येईल. नवी पानं कशी येतात ते आठवा. खऱ्या पामाला एका वेळी एक नवं पान येतं, बंद, भाल्यासारखं सरळ वर येऊन मग उघडतं. सायकसला बराच काळ काहीच येत नाही आणि मग एकदम सगळ्या पानांचं कडं फुटतं. कोवळेपणी त्याच्या पर्णिका नेच्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. जून पान हाताला कडक, चकचकीत लागतं, पर्णिका अरुंद, टोकदार आणि कडा खालच्या बाजूला वळलेल्या. खोड जाड, बुटकं, जुन्या पानांच्या बुडख्यांनी खडबडीत झालेलं. मोठ्या झाडाच्या मधोमध पिवळसर उभा शंकू दिसला तर ते नर, मऊ तपकिरी लव असलेला गोल गड्डा दिसला तर मादी, आणि त्या गड्ड्यात पुढे नारिंगी-लाल बिया धरतात. यातलं काही जुळलं तर ते सायकस समजा. खाली काटे आणि वर मऊ, वाकलेल्या झावळ्या असतील तर तो बुटका खजुरी पाम, तिथे फक्त काट्यांचा विचार करायचा. पानं जाड, पुठ्ठ्यासारखी आणि गोलसर टोकांची असतील तर ते झामिया, त्यालाही पाम म्हणूनच विकतात आणि तेही सायकसच्याच गोत्रातलं, तितकंच विषारी.

सायकस निघालं तर माझा सल्ला एकच: लहान मूल आणि कुत्रा या दोन्ही गोष्टी ज्या घरात आहेत त्या घरात ते ठेवू नका. फिशटेलच्या बाबतीत मी खोड-खोड करून मार्ग काढला, इथे तसा मार्ग नाही, कारण मूळ, पान, बी सगळंच विषारी आहे. ज्यांच्या घरी मुलं नाहीत, प्राणी नाहीत आणि ज्यांना हे झाड काय आहे ते नीट माहीत आहे, अशा कुणाला तरी द्या, आणि देताना विषाबद्दल सांगूनच द्या. कुत्र्याने कधी ते चावलं अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्य गाठा आणि झाडाचं नाव सांगा. पहिल्या एक-दोन तासांत ते उलटी करवू शकतात, विष शोषून घेणारा औषधी कोळसा देऊ शकतात, आणि त्या वेळेवरच पुढचं बरंच अवलंबून असतं. मुलाच्या बाबतीतही तेच, थेट रुग्णालय. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. घरी काही करू नका.

बघा, फिशटेलला उलटी काढणं चूक आणि सायकसला डॉक्टर ती मुद्दाम करवू शकतात. म्हणून घरातल्या प्रत्येक झाडाचं नाव तुम्हाला माहीत असायला हवं, आणि तुमच्याएवढंच ते सूनबाईला, मुलाला आणि बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला. एक दिवस बसून सगळ्या झाडांचे फोटो काढा, नावं शोधा, आणि प्रत्येक कुंडीला नावाची चिठ्ठी लावा. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला किंवा जाणत्या रोपवाटिकेत दाखवलंत तर ओळख पक्की होईल. यादीची एक प्रत घरात फोनजवळ असू द्या. हे काम सूनबाईबरोबर बसून करा. तिला झाडांचा राग आलेला नाही, तिला भीती वाटली आहे. आणि तुमच्याइतकं त्या झाडांबद्दल घरात कुणालाच माहीत नाही, म्हणून ती भीती कमी करणारी व्यक्तीही तुम्हीच असू शकता.

एक शेवटचं. तुम्ही लिहिलंय की झाड तुमच्या हाताने वाढवलेलं आहे. पत्रात उघड लिहिलं नाहीत, पण ‘माझ्यामुळे झालं’ ही टोचणी मला ओळींमागे दिसली. रोप देणाऱ्याने तुम्हाला नाव सांगितलं आणि फळांबद्दल सांगितलं नाही. ते सांगणं त्याचं काम होतं. फिशटेल, सायकस, डिफेनबाकिया विकताना ही दोन वाक्यं बोलायला हवीत, असं मला फार मनापासून वाटतं. पुढच्या वेळी रोप घ्याल तेव्हा ‘फळ येतं का, तोंडात गेलं तर काय होतं’ हे तुम्हीच विचारा. उत्तर आलं नाही तर रोप घेऊ नका.

दाराजवळच्या रिकाम्या जागी रॅपिस लावा. त्याला कडक ऊन लागत नाही, दारातल्या सावलीत तो छान भरतो, हळू वाढतो, आणि कुत्र्याने पान ओरबाडलंच तर बिघडेल ते फक्त झाडाचं रूप.